चाल कधी सुचली

११ जानेवारी

टिल्लू,

मामाचे आशीर्वाद घे, आधी गळ्याला मफलर गुंडाळ आणि मग पुढचं वाच.

फोन सोडून पत्र लिहितो, कारण फोनवर तू घाईत असतोस आणि घाईत माझ्या तोंडून भलतंच निघतं. कागदावर निदान खोडता तरी येतं. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चालवून घे.

गाणं मिळालं. समोरच्या घड्याळवाल्याकडून वाजवायचं यंत्र आणलं, आपल्या काटे-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तुझ्या आईला स्टुलावर बसवलं आणि ऐकलं. सात वेळा. ‘जिन्यातला दिवा’ हे काय गाण्याचं नाव झालं, असं मी म्हणणार होतो, पण तिसऱ्या खेपेला तुझी आई उठून आत गेली आणि नुसता नळ सोडून उभी राहिली. मग मी चौथ्यांदा लावलं.

पण गाणं चांगलं आहे म्हणून माझ्या जिवाला स्वस्थता आली असं समजू नकोस. मागच्या रेकॉर्डच्या वेळीही तू चांगलं आहे म्हणाला होतास. ती कुठे वाजली? ‘पाचजण’ बँडमध्ये होतास तेव्हा तुमचे फोटो मुलांच्या वह्यांवर असायचे. तू डावीकडून तिसरा. पाच वर्षं झाली बँड मोडून. आता गिऱ्हाईक वजनं ठेवता ठेवता विचारतं, “भाचा काय करतो हल्ली?” मी म्हणतो, “गातो.” ते म्हणतं, “अजून?” या ‘अजून’ला काय उत्तर द्यायचं ते तू मला लिहून पाठव, मी पाठ करतो. चौघं परत जमताहेत असं पेपरात आहे. तूही जा ना. पाचजणांत चौघंच उभे राहिले तर लोक मोजणार नाहीत का?

आणि एक. ही चाल नवी नाही. मी साखरेच्या गोदामाचा मोठा काटा दुरुस्त करत होतो आणि तू घसा बसला म्हणून चार दिवस घरी आला होतास, तेव्हा दुकानाच्या दारात बसून हेच गुणगुणत होतास. बरोबर ना? माझं डोकं अजून गंजलेलं नाही.

जेवतोस का वेळेवर?

मामा

---

२० जानेवारी

मामा,

नमस्कार. मफलर गुंडाळला आहे.

पाकिटावर ‘टिल्लू’ लिहू नका. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. पोस्टमन ते मोठ्याने वाचतो.

परत जायचं नाव काढू नका, हे मी शेवटचं सांगतो. तुम्हाला वह्यांवरचे फोटो आठवतात. मला काय आठवतं ते ऐका. सहा वर्षांत सत्तर-ऐंशी गाणी झाली. त्यात मी एकट्याने गायलेल्या ओळी जोडल्या तर जेमतेम एक गाणं होईल. बाकी सगळा वेळ मी मागे ‘आ’ लावून उभा होतो. ओळ सुरू करायची ती आमच्या पुढच्याने, म्हणजे मुख्य गायकाने. मी श्वास भरून वाट बघायची. माझी पहिली एकट्याची रेकॉर्डसुद्धा कंपनीनेच काढली. गाणी त्यांनी निवडली, कपडे त्यांनी दिले, फोटोत मला किंचित डावीकडे उभं केलं, जणू उरलेले चौघं आत्ताच चहाला गेलेत. ती बुडाली ते बरंच झालं.

ही दुसरी माझी आहे. कंपनीने मोठ्या मुश्किलीने लिहून दिलंय की मी ती स्वतःची स्वतः काढली तर त्यांची हरकत नाही. अट एकच, बँडच्या वर्षांतली एकही चाल तिच्यात नको. मी टायरच्या दुकानामागच्या खोलीत गातो. हवा भरायचं यंत्र सुरू झालं की थांबतो, बंद झालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. नऊ गाणी झाली आहेत, एक एप्रिलला बाहेर येतील. ‘जिन्यातला दिवा’चा एक तुकडा रेडिओवाल्यांनी परवा वाजवला. तीन जणांनी फोन करून विचारलं, हे कोण. कोण, मामा! ‘पाचजण’मधला तिसरा का, असं नाही विचारलं.

चालीबद्दल तुमचा घोळ होतोय. ती गेल्या वर्षीची आहे. तेव्हा मी दुसरंच काहीतरी गुणगुणत असेन, तुमच्या ठोकाठोकीत तुम्हाला काय ऐकू येणार?

गाणं कोणालाही ऐकवू नका. आईला सांगा, मी बरा आहे.

तुमचा भाचा

---

२ फेब्रुवारी

टिल्लू,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलं आहे, बघ. आतल्या कागदावर माझी मर्जी.

घोळ होतोय म्हणालास ते मला लागलं. माणसाला म्हातारा म्हण, कटकट्या म्हण, पण आमच्या धंद्यात तारखेचा घोळ झाला तर काटे तपासायला येणारा निरीक्षक शिक्का मारत नाही. मी कपाटावरून जुन्या कामाच्या वह्या काढल्या. धुळीने दोन दिवस शिंकत होतो. तुझी आई म्हणाली, “दादा, हे तू कोणाला दाखवणार आहेस?” मी म्हटलं, “मला स्वतःला.” ती म्हणाली, “मग शिंका पण स्वतःपुरत्या दे.”

सापडलं. नऊ वर्षांपूर्वीचा सतरा ऑगस्ट. साखर गोदाम, मोठा काटा, दांडी वाकलेली, पन्नास किलोला दोनशे ग्रॅमचा फरक. आणि बाजूच्या कोऱ्या पट्टीत माझ्याच अक्षरात, ‘टिल्लू नवी चाल गुणगुणतो. जिना, दिवा असं काहीतरी. बरी आहे.’ आता बोल!

आणि योगायोग बघ, वही टेबलावर उघडी असतानाच तुमचा तो चष्मेवाला आला. कंपनीचा रे, तुम्हाला गाडीतून न्यायचा तो. डोक्यावरचे केस गेले, चष्मा तोच. सफरचंदं घेऊन आला. “मामा, तुमची आठवण येते,” म्हणाला. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत आज आली?

तू सांगितलंस तसं मी गाणं ऐकवलं नाही. यंत्र उचलून आत ठेवलं. पण त्याने रेडिओवर तुकडा ऐकलाच होता. आवाज खाली करून म्हणाला, “मामा, बाजारात बोलवा आहे की ही चाल आपल्या पोराची नाही. कुठल्यातरी दुसऱ्याची उचलली आहे. तो एकटा काय चाली करणार?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरात चोरी? मी म्हटलं, “साहेब, तुम्ही शिकलेले आहात, वाचा.” आणि वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. म्हणाला, “तारीख पक्की?” मी म्हटलं, “त्या दिवसाचा शिक्का गोदामाच्या काट्यावर अजून असेल, जाऊन बघा.” त्याने पानाचा फोटो काढला. चाळीस वर्षं वह्या लिहितो, पहिल्यांदा कोणी फोटो काढला. जाताना माझ्या पाया पडला.

आता तुझ्यावर कोणी चोरीचा आळ घेऊ शकणार नाही. तू नाही म्हणत होतास, पण मामाची वही कामाला आली की नाही?

सफरचंदं गोड निघाली. दोन तुझ्यासाठी ठेवली होती, पण टिकणार नाहीत म्हणून आम्हीच खाल्ली.

मामा

---

९ फेब्रुवारी

मामा,

कंपनीची नोटीस आली आहे. सोबत तुमच्या पानाचा फोटो जोडला आहे. ‘बरी आहे’ हे दोन शब्दसुद्धा स्पष्ट वाचता येतात.

तुम्हाला समजेल असं लिहितो. नऊ वर्षांपूर्वी मी बँडमध्ये होतो. करारात लिहिलंय की त्या सहा वर्षांत पाचांपैकी कोणालाही जी चाल सुचेल ती कंपनीची, मग ती स्टुडिओत सुचो, गाडीत सुचो नाहीतर तुमच्या दारात. म्हणजे गाणं त्यांचं. आणि मी अट मोडली, म्हणून अख्खी रेकॉर्ड थांबवली. नऊच्या नऊ गाणी.

चोरीचा आळ कोणीच घेतला नव्हता. त्याला फक्त तारीख हवी होती. ती तुम्ही शिक्क्यासकट दिलीत.

मी लिहिलं होतं ना, ती गेल्या वर्षीची आहे? भाच्याच्या शब्दापेक्षा वही मोठी?

कृपा करून आता काही करू नका. काहीच.

---

१३ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. काल किराणावाल्याचा काटा दोनदा उलटा जोडला.

मी ते पान फाडतो. म्हणशील तर वही जाळतो. नाहीतर असं करू, मी लिहून देतो की ते मी परवा लिहिलं, शाई जुनी वापरली. नाहीतर डॉक्टरचा कागद आणतो की माझं डोकं फिरलेलं आहे. आपले डॉक्टर देतील, त्यांचा वजनकाटा मीच बघतो. तुझी आई म्हणते, “डोकं फिरल्याचा कागद कशाला, तोंड फिरल्याचा आण.” दोन दिवस ती माझ्याशी एवढंच बोलली आहे. चहा ठेवते, पण कपबशी आदळते.

मला एक सांग. चाल तुला सुचली, घसा तुझा बसला होता, दार आमचं, आणि गाणं त्यांचं कसं? कोणत्या मापाने? मला हे कोणीतरी बसून समजावून द्या.

उलट टपाली उत्तर दे.

मामा

---

२२ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं उत्तर नाही. आठ दिवस वाट बघितली. तू काही करू नका म्हणालास, पण तो शब्द काही पाळता आला नाही. काल मी कंपनीच्या ऑफिसात गेलो.

दोन बस बदलून दहाला पोचलो. काचेचं दार ढकलायचं की ओढायचं तेच कळेना, आतल्या मुलीने येऊन उघडलं. भिंतभर तुम्हा पाचजणांचा फोटो अजून आहे. मी म्हटलं, “तो डावीकडून तिसरा माझा भाचा.” ती म्हणाली, “हो का? मी त्याच्यासाठी शाळेत रडले होते.” मग तिनेच मला पाणी दिलं. चारपर्यंत बसलो. डबा नेला होता, पण तिथे उघडायची लाज वाटली.

चारला चष्मेवाल्याने आत बोलावलं. चहा मागवला. मी सगळं पाठ करून गेलो होतो. म्हटलं, “साहेब, त्या पानावरची तारीख चुकली आहे. म्हातारा माणूस आहे, गेल्या वर्षीच्या जागी भलतंच वर्ष लिहिलं गेलं असेल.”

तो रागावला नाही रे. रागावला असता तर बरं झालं असतं. हसून म्हणाला, “मामा, तुम्ही चाळीस वर्षं काटे दुरुस्त करताय. सगळ्या बाजारात तुमच्या वहीवर विश्वास. तुमची तारीख चुकेल?”

आणि टिल्लू, माझ्या तोंडून निघून गेलं, “तशी आजवर चुकलेली नाही म्हणा.”

बोललो आणि कळलं. पण तोवर कप खाली ठेवून तो उभा राहिला होता. म्हणाला, “मग झालं तर.” मला दारापर्यंत सोडायला आला.

बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभाच राहिलो.

रागाव, शिव्या घाल, पण लिही.

मामा

---

४ मार्च

मामा,

शिव्या घालणार नाही. घालायच्या असतील तर मला स्वतःपासून सुरुवात करावी लागेल.

मी तुमच्याशी खोटं बोललो. चाल तुमच्या दारातलीच आहे, सतरा ऑगस्टचीच असेल. मला पक्कं आठवत होतं. तेव्हा मी ती कोणाला दाखवली नाही, कारण दाखवली असती तर पहिली ओळ पुढच्याच्या तोंडी गेली असती आणि मला ‘आ’ लावायला मागे उभं केलं असतं. मी ती नऊ वर्षं लपवून ठेवली. माझं प्रकरण बघणाऱ्या वकीलबाईंनाही सांगितलं नव्हतं. परवा त्यांना तुमचं पान दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमच्या मामांनी खरं लिहिलं आणि तुम्ही मला खोटं सांगितलं. मी कोणाची बाजू मांडायची?” तुम्हाला पहिल्याच पत्रात खरं सांगितलं असतं, तर तुम्ही वह्या काढल्याच नसत्या. घोळ होतोय म्हणालो तिथेच घात झाला.

आता नीट वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच काही करू नका.

कंपनी तडजोड करते आहे. मी ‘जिन्यातला दिवा’ सोडून द्यायचा. ते चौघं परत जमताहेत, ते तो गातील. बदल्यात माझी बाकीची आठ गाणी मोकळी, आणि मीही कायमचा मोकळा. यापुढे काय गावं, कुठे गावं, मला कोणी विचारणार नाही. मलाही बोलावलं होतं, चौघांत येऊन गा म्हणाले. जागा तीच, डावीकडून तिसरी. नको म्हटलं.

पण कागदावर एक कलम आहे. ती चाल माझी आहे असं मी, आईने किंवा तुम्ही कधीही, कुठेही, कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर सगळं रद्द. तिघांच्या सह्या हव्या आहेत. वही त्यांनी बघितली आहे ना, म्हणून तुमची सही तर त्यांना आधी हवी.

तुम्हाला जमेल का, ते खरं सांगा. जमणार नसेल तर लाजू नका. मग मी कोर्टात जाईन. वकीलबाई म्हणतात सहा-सात वर्षं लागतील, आणि तोपर्यंत मला एकही गाणं काढता येणार नाही.

तुमचा भाचा

---

१० मार्च

टिल्लू,

कागदावर सही केली आहे. तुझ्या आईचीही आहे. तिने न वाचता केली. मी चार वेळा वाचून केली.

पण मला राग आलेला आहे, तोही पाकिटात घालून पाठवतो. कोणाचा ते ठरत नाही. चष्मेवाल्याचा येतो, मग माझा येतो, मग तुझा येतो की तू मला गेल्या वर्षीची चाल म्हणून थाप मारलीस. मग वाटतं, एकोणीस वर्षांच्या पोराला स्वतःच्या डोक्यातली चाल चोरासारखी लपवावी लागली, याचा राग कोणावर काढायचा? उभ्या जन्मात मी कमी भरणाऱ्या काट्याला बरोबर म्हटलं नाही. परवा त्या कागदावर म्हटलं. सहीसुद्धा सरळ आली नाही, बघशील.

जमेल का म्हणून विचारलंस. माझ्या तोंडाची ख्याती मला माहीत आहे. जमेल असं म्हणत नाही. जमवतो.

यापुढे मला गाणी आधी पाठवू नकोस. सगळ्या जगाने ऐकली की मग मी ऐकीन. आणि काय सुचलं, कधी सुचलं, ते तर मुळीच सांगू नकोस.

घशाचं बघ.

मामा

---

६ मे

मामा,

रेकॉर्ड बाहेर आली. आठ गाणी. मधोमध जिथे ते होतं तिथे आता काहीच नाही. चौथ्यानंतर एकदम पाचवं सुरू होतं आणि मला प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखं होतं. बाकीच्यांना कळत नाही.

एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. दोनशे खुर्च्या, साठ-सत्तर माणसं. पहिल्याच गाण्याला वाजवणाऱ्यांनी सुरुवात केली आणि मी उभाच. श्वास भरून वाट बघत होतो, कोणीतरी ओळ सुरू करेल म्हणून! वाजवणारा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा लक्षात आलं, ती ओळ माझीच आहे. दुसऱ्यांदा सुरू केलं. लोक हसले, पण वाईट नाही हसले. नंतर अर्ध्या लोकांनी बँडची जुनी गाणी मागितली. मी नाही गायलो. काही उठून गेले. उरले त्यांनी आठही ऐकली.

पेपरात दोन ओळी आल्या आहेत. एकीत ‘माजी’ हा शब्द आहे.

तुम्ही कसे आहात? आई म्हणते, दुकानात कोणाशी बोलत नाही म्हणून.

तुमचा भाचा

---

१९ मे

टिल्लू,

आठही गाणी ऐकली. सहावं मला कळलं नाही, पण आवडलं. दुसऱ्यात तुझा आवाज फाटतो तिथे तुझी आई म्हणाली, “तसाच राहू दे.” एवढं तुला कळवायला सांगितलं.

मी बरा आहे. बोलत नाही असं नाही, मोजून बोलतो.

काल दाढीला गेलो होतो. नेहमीचाच न्हावी. दोन माणसं बाकावर बसली होती. साबण लावून एका गालावर वस्तरा फिरवून झाला आणि रेडिओवर ते लागलं. चौघांचं. पहिली ओळ पुढच्यानेच सुरू केली. गातो बरा. पण जिथे तू थांबून मग ‘दिवा’ म्हणतोस तिथे तो थांबतच नाही, धावत जिना चढल्यासारखा जातो. माझी मान हलली असावी. न्हावी म्हणाला, “हलू नका मामा, कापेल.”

बाकावरचा एक म्हणाला, “काय चाल आहे राव! सकाळपासून डोक्यात बसलीये.”

दुसरा म्हणाला, “माझी पोरगी तर नुसतं हेच लावते. घरात दुसरं काही ऐकू देत नाही.”

न्हाव्याने वस्तरा पुसला. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “मामा, तुमचा भाचा ह्यांच्यातच होता ना? त्याचा काही हात आहे का ह्याच्यात?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग चाल कोणाची?”

“मला काय माहीत.”

“अहो, तुम्हाला नाही माहीत तर कोणाला?” तो हसला. “जाऊ दे. पण एक सांगू का मामा, राग नका मानू. असं एखादं गाणं तुमच्या भाच्याला सुचलं असतं ना, तर आज तो कुठच्या कुठे असता.”

बाकावरचे दोघं माझ्याकडे बघत होते. गाणं शेवटाला आलं होतं. तू शेवटी हळूहळू उतरतोस, हे एकदम तोडतात.

मी म्हटलं, “खरं आहे तुझं.”

मग त्याच्या हातातला टॉवेल घेतला, दुसऱ्या गालावरचा साबण पुसला आणि काम आठवलं म्हणून उठलो. रस्त्याने लोक बघत होते. घरी तुझ्या आईने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मोरीवरचा आरसा पुसून दिला, पाणी गरम करून ठेवलं. उरलेली अर्धी दाढी मी घरी केली.

मामा